बेडकी मळ्यातच का तापते

आष्ट्यात पायगोंडाअण्णांची ती चारचाकी फटफटी टेम्पोतून उतरवली, तेव्हा बघायला निम्मी गल्ली लोटली होती. चार जाडजूड टायर, मध्ये मोटारसायकलसारखं सीट, पुढं हँडल आणि डोळे वटारल्यासारखे दोन दिवे. कुणी म्हणालं ट्रॅक्टरचं पिल्लू आहे, कुणी म्हणालं लष्करातनं सुटून आलंय. शेवटी एका शहाण्यानं तिला ‘बेडकी’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गावानं एकदा नाव ठेवलं की कंपनीनं काय नाव दिलंय, हे विचारायला कोण बसलंय?

गाडी आणली होती अण्णांच्या मुलानं, अतिशयनं. तो पुण्यात नोकरीला. पाचगणीकडं पर्यटकांना चिखलातून फिरवणाऱ्या कुणाकडून तरी त्यानं ती जुनी घेतली. कारण अण्णांचे गुडघे. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, की आता वाकायचं नाही, मांडी घालायची नाही आणि बांधावरून चालायचं तर मुळीच नाही. अण्णांनी नुसती मान डोलावली. पण बांधावरून चालायचं नाही म्हणजे मळ्यात जायचं नाही आणि मळ्यात जायचं नाही म्हणजे मग उठायचं तरी कशाला, हा हिशेब त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच मनात मांडला होता. घरी येऊन ते पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडं तोंड करून राहिले. अतिशयला बापाची ती पाठ बघवेना, म्हणून बेडकी आली.

आणि बेडकीनं जादू केली! घरामागच्या पाणंदीनं अण्णा फटफटत मळ्यात जाऊ लागले. हळदीच्या सऱ्यांच्या कडेनं फिरायचे, उसाच्या पाटाला उभं राहून पाणी बघायचे, शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून बसल्या बसल्याच भांडायचे. माणूस पुन्हा माणसात आला. दोन घास जास्त जेवू लागला, आणि बायकोनं केलेल्या आमटीत मीठ कमी असल्याची तक्रारही करू लागला. तब्येत सुधारल्याची याहून खात्रीची खूण संसारात दुसरी नसते.

पण चौमासा लागला आणि बेडकी तापायला लागली.

तीसुद्धा अशी लबाड, की मळ्यातच तापायची. घरून निघताना गारेगार. पाणंद संपेपर्यंत ठीक. मळ्यात शिरून हळदीची एक बाजू फिरून झाली की हँडलजवळचा लाल दिवा लागायचा, खालून गरम वाफारा यायचा आणि अण्णांना गाडी बंद करून बांधावरच्या कडुनिंबाखाली बसावं लागायचं. गाडी निवली की हळूहळू घर. एकदा तर तिथून उठायला इतका उशीर झाला, की घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. आता दिवस मावळल्यावर अण्णांच्या जैन घरात कुणी घास घेत नाही. त्या रात्री अण्णा पाणी पिऊन झोपले आणि आख्ख्या जगावर चिडून झोपले.

अतिशयला फोनवर हे कळलं तसा तो हबकला. “अण्णा, एखादे दिवशी तुम्ही तिथंच अडकून पडाल. चिखलात पाय घसरला तर कोण बघणार? रविवारी मी येतो. तोवर गाडी नीट झाली नाही तर विकून टाकू. इस्लामपूरचं एक गिऱ्हाईक आहे. आणि मळा वाट्यानं देऊ कुणाला तरी.”

“मळा वाट्यानं?” अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आईला विचारा. तिलाही हेच वाटत असणार.”

अण्णांनी विजयमालाबाईंकडं बघितलं. त्या परातीत तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही की हूं की चूं केलं नाही. बाई तशी मुलखाची अबोल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या मनातलं ओळखायचं म्हणजे अण्णांना विहिरीत वाकून तळ बघितल्यासारखं वाटायचं. मात्र आज त्यांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकला. ही पोराच्या बाजूची! हिला मी घरात हवा, डोळ्यांसमोर, पलंगावर.

आता सगळी मदार वाजिदवर होती.

वाजिदचं गॅरेज बाजाराच्या रस्त्याला. त्याचे वडील पीरमहंमद यांनी विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात हयात घालवली होती आणि अण्णांच्या मळ्यातलं इंजिनही त्यांच्याच हाताखालून गेलेलं. वाजिद मोटारसायकली करायचा. बेडकीसारखं जनावर त्यानंही आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण तसं कबूल केलं तर तो मेकॅनिक कसला! मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो तयार झाला होता.

पहिल्या खेपेला त्यानं इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. “अण्णा, गरम असताना ह्ये झाकण कवाच उघडायचं न्हाई बरं का. तोंड भाजंल.” आतलं कूलंट कमी होतं. ते भरलं, हवेचे बुडबुडे काढले. गाडी चालू ठेवून वाट बघितली. इंजिन तापलं तसा पंखा आपोआप सुरू झाला, भर्रर्र करून थोडा वेळ फिरला आणि आपोआप बंद झाला. “झाली शाणी!” वाजिद म्हणाला.

मळ्यात गेल्यावर लाल दिवा.

दुसऱ्या खेपेला वाजिदनं पंख्याचा फ्यूज बदलला, पंखा चालू करणारा स्विच बदलला. पंखा उलटा तर फिरत नाही ना, म्हणून वर्तमानपत्राचा एक तुकडा गाडीच्या तोंडाला धरला. पंखा आत वारा ओढत होता, कागद चट्कन जाळीला चिकटला. मग तो रेडिएटरच्या पात्यांत चिखल बसलाय का बघायला वाकला आणि चकितच झाला.

“अण्णा, मानलं तुमाला! चौमाशात मळ्यात फिरती ही गाडी, आनी आतली पाती बघा, घासलेल्या ताटागत. आमच्या गिऱ्हाइकांस्नी तुमच्याकडं शिकवनीला लावाय पायजे.”

अण्णांना त्यात आपला काय पराक्रम ते कळलं नाही. त्यांचे गुडघे त्यांना गाडीच्या तोंडापर्यंत वाकूच देत नसत. पण स्तुती फुकट मिळत असेल तर नको कोण म्हणतं? ते मिशीत हसले. गाडी रोज सकाळी विजयमालाबाई धुवायच्या, ते बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेलेले असायचे तेव्हा. अंगणात चिखल नको म्हणून धूत असेल, एवढंच त्यांना ठाऊक.

मळ्यात गेल्यावर पुन्हा लाल दिवा.

आता मात्र बाजारात वाजिदची टर उडायला लागली. “काय वाजिद, बेडकीला सर्दी की ताप?” असं चहाच्या टपरीवरचा कुणीही विचारायचा. वाजिदनं हात टेकले. “अण्णा, माझ्या दारात ती गाईसारखी शांत उभी ऱ्हाती. तापतच न्हाई. न तापनाऱ्या गाडीचं मी काय दुरुस्त करू, तुमीच सांगा.”

“आनी परवाच्याला पोरगा येतोय रं,” अण्णा म्हणाले. शब्द साधेच होते, पण आवाज असा खाली गेला की वाजिदनं हातातला पाना बाजूला ठेवला. ज्या माणसानं आपल्या बापाला कधी नुसत्या चहावर परत धाडलं नाही, तो असा मान खाली घालून बसलेला त्याला बघवेना.

“मग असं करू,” तो म्हणाला. “गाडी माझ्याकडं आनूच नका. तुमी रोजच्यासारखं मळ्यात जावा. मी मागनं मोटारसायकलवर येतो. जितं तापती तितंच बघू, घोडं कुठं पेंड खातंय ते.”

शनिवारी तसंच केलं. अण्णा बस्तीतून आले, न्याहारी केली आणि बेडकीवर बसून निघाले. घरात काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं मन नव्हतं. हळद हिरवीगार उभी होती, उसाला पेरं धरत होती, आणि अण्णांना प्रत्येक सरी जणू शेवटची बघतोय असं वाटत होतं. कालपर्यंत ज्या शेजाऱ्याशी भांडायचे, त्याला आज त्यांनी आपणहून हात केला. तो बिचारा घाबरला.

हळदीची बाजू संपली आणि लाल दिवा लागला.

“लागला! वाजिद, लागला!” अण्णा ओरडले. रोज ज्या दिव्याला शिव्या घालायचे त्याचं आज त्यांनी पाहुण्यासारखं स्वागत केलं.

“बंद करू नका एवढ्यात!” वाजिद धावत आला. कान लावला. पंखा फिरत होता, चांगला भर्रर्र आवाज येत होता. खिशात भजी बांधून आणलेला कागद होता. भजी सीटवर ठेवून त्यानं तो कागद गाडीच्या तोंडाला लावला आणि हात काढला.

कागद घसरून चिखलात पडला.

वाजिदनं तो उचलला, पुन्हा लावला. पुन्हा खाली. “आता करा बंद. पंखा फिरतोय, पन वारा ओढत न्हाई. म्हंजी मधी कायतरी आडवं आलंय.” गाडी बरीच निवल्यावर तो तिच्या पुढं पालथा झाला, स्क्रू काढून प्लास्टिकची जाळी सैल केली, आत हात घातला आणि तसाच थांबला.

“काय रं? उंदीर हाय काय?”

“उंदीर शिवनकाम करत न्हाईत, अण्णा.” वाजिदनं हात बाहेर काढला. हातात चिखलानं माखलेलं, गडद हिरवं, दुपदरी कापड होतं. चारी कडांना नीट दुमडून टीप मारलेली, चारी कोपऱ्यांना नाड्या. “ह्ये कंपनीचं न्हाई. ह्येला हातशिलाई हाय.”

अण्णांनी कापड हातात घेतलं, चिखल अंगठ्यानं पुसला आणि त्यांना काठ ओळखू आला. इरकल होती ती. अतिशयच्या बारशाला त्यांनीच आणलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वाजिदचे स्विच, फ्यूज, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळं झालं, आणि दुखणं निघालं घरातल्या ट्रंकेत!

“माझ्या गॅरेजात गाडी येताना ह्ये नसायचं,” वाजिद डोकं खाजवत म्हणाला.

“नसनारच. गाडी तुझ्याकडं न्यायची म्हटलं की ती आदी धुवून पुसून ठेवती. परक्याच्या दारात घान कापड कसं जाईल?” अण्णा कापड मुठीत चुरगाळत म्हणाले. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. बाईनं तोंडानं विरोध केला नाही, हातानं केला. गाडी तापावी, बंद पडावी, विकली जावी आणि म्हातारा घरात बसावा. चाळीसएक वर्षांच्या संसारात हिनं आपल्याला पहिल्यांदाच फसवलं, आणि तेही बारशाच्या लुगड्यानं!

परत येताना बेडकी एकदम गार होती. तापले होते ते अण्णा. मागून वाजिद मोटारसायकल सांभाळत येत होता आणि भजी एकटाच खात होता, कारण ती अण्णांना विचारायची हिंमत त्याला झाली नाही.

विजयमालाबाई अंगणातच होत्या. अण्णांनी उतरून ते कापड त्यांच्यापुढं धरलं.

“ह्ये काय हाय?”

बाईंनी कापडाकडं बघितलं, वाजिदकडं बघितलं. “माझी इरकल.”

“ते मला दिसतंय! गाडीत कशाला बांदली? मी मळ्यात जाऊ नये म्हनून? अगं, सरळ बोलायचंस की तोंडानं! पोरगा इकायचं म्हनतोय, तूबी त्येच्यात सामील, आनी वरनं मला रोज डबा भरून देतीस!”

“काकी, त्याच्यानं वारा बंद हुतो,” वाजिद मध्ये पडला. “वारा न्हाई मिळाला की इंजिन तापतं.”

“त्याच्यानं तापत हुती?” विजयमालाबाईंचा चेहरा उतरला. खरोखरच उतरला, ते अण्णांनीही बघितलं. “मला ठावंच न्हाई. मला वाटलं पंखा आतनं फिरतोय, मग बाहेर कापड असलं काय नि नसलं काय.”

“पन बांदलं कशाला?”

बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “चौमाशाच्या सुरवातीला एके सकाळी गाडी धुवत हुते. आत बघितलं तर त्या पात्यात बारकी बारकी पाखरं मरून पडल्याली. पाकोळ्या, मधमाशा, एक पिवळं फुलपाखरू. पंखा ओढून घेतोय त्येंला. काडीनं एकेक काढून जाईच्या बुडाशी ठिवली. मग कापड शिवलं. आपन पानी गाळून पितो की न्हाई? मग म्हटलं ह्या गाडीलाबी वारा गाळून देऊ.”

वाजिद इतका वेळ हसू दाबून उभा होता, त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

“आगं मग मला सांगायचं न्हाईस?” अण्णा म्हणाले. आवाज अजून चढा होता, पण त्यातला राग निघून गेला होता.

“तुमाला? तुमाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? नांगरताना टिटवीची अंडी चिरडली तवा काय केलंत? ट्रॅक्टरवरनं उतरलात, त्ये परत कवा बसला न्हाईत. भाड्यानं लावला लोकांचा. आता ह्ये कळलं असतं तर बेडकीवरनंबी उतरला असता. मग ऱ्हायला तो पलंग आनी ती भिंत. तुमी भिताडाकडं तोंड करून पडलेलं मी एकदा बघितलंय. पुन्यांदा न्हाई बघायचं मला.”

अण्णा खाली बसले, म्हणजे बेडकीच्याच सीटवर. एवढी वर्षं ज्या विहिरीचा तळ दिसत नाही म्हणून ते कुरकुरत होते, तिच्यात आपलंच तोंड दिसत होतं. त्यांना बायकोची लाज वाटली, कौतुक वाटलं आणि रडूही आलं. बायको समोर असताना रडायचा सराव नव्हता म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

आणि मग त्यांनी नेमकं तेच केलं, ज्याची बाईंना भीती होती. वाजिदला म्हणाले, “बघ रं आत. येताना कापड नव्हतं. कायतरी अडाकलं आसंल.” वाजिदनं वाकून बघितलं. पात्यांत एक पांढरी पाकोळी मरून चिकटली होती. अण्णांनी गाडीची किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवून दिली.

“बगा!” विजयमालाबाई म्हणाल्या. एवढंच. पण त्या एका शब्दात सगळं होतं.

आता बोलायची पाळी वाजिदची होती. “आवं काकी, आवं अण्णा, दोघंबी जरा दम धरा. पंखा पाखरं ओढतो कशानं? भोक ल्हान आनी ओढ मोठी म्हनून. मोठ्या तोंडानं वारा घेतला तर जोर ऱ्हात न्हाई. पुढच्या कॅरिअरला मी तारेची जाळी मारतो. लांब, चांगली वीतभर पुढं. कापडागत दाट न्हाई. वारा आत येनार, पाखरू भाईर.”

“सपाट नको,” विजयमालाबाई लगेच म्हणाल्या. “पाटी पालथी घातल्यागत फुगीर कर. तिन्ही बाजूनं वारा घील.”

वाजिद त्यांच्याकडं बघत राहिला. “काकी, ह्ये मला सुचायला पायजे हुतं.”

“आनी पाखरं दिवस मावळायच्या येळंला जास्ती असत्यात,” बाई आता थांबेनात. “तवा गाडी अंगनात पायजे. तसंबी जेवायला यायचंच असतंय. ल्हवकर निघायचं, ल्हवकर यायचं आनी सावकाश हाकायची. गाडीला घाई न्हाई, तुमालाच असती.”

अण्णांना या सगळ्यात एकही खोट काढता येईना. वाजिदनं वेल्डिंगचं सामान आणलं आणि दुपारभर अंगणात ठिणग्या उडाल्या. विजयमालाबाई डोळ्यांवर पदर धरून शेजारी उभ्या, आणि प्रत्येक जोडाला “हितं भोक मोठं हाय” म्हणून खोडा घालत होत्या. जाळी बसली तेव्हा बेडकीनं तोंडाला मुसकं बांधल्यासारखं दिसत होतं. पंखा सुरू झाला तसा वाजिदनं दाखवल्याप्रमाणं बाईंनी स्वतः कागद आत सरकवून रेडिएटरला लावला. कागद चिकटला. मग तोच कागद बाहेरच्या जाळीला लावला. तो नुसता हलला आणि सावकाश खाली आला. “आता बरूबर,” त्या म्हणाल्या.

रविवारी अतिशय आला. सोबत इस्लामपूरचं गिऱ्हाईक, धाब्यावर पोरांना फिरवायला गाडी हवी असलेला एक गोलमटोल गृहस्थ. त्यांना ओट्यावर बसवून अण्णा मळ्यात गेले. हळदीच्या चारी बाजू फिरले, उसाला वळसा घातला, पाटाशी थांबले, पुन्हा फिरले. लाल दिव्याकडं बघून बघून त्यांचे डोळे दुखायला लागले, पण दिवा काही लागला नाही. ऊन अजून अंगणात असतानाच ते परतले. जाळीवर दोन मधमाशा बसलेल्या होत्या. त्या थोडा वेळ चालल्या आणि उडून गेल्या.

अतिशयनं जाळीला हात लावून बघितला, इंजिनाला लावला. “तापली नाही खरी,” तो म्हणाला. पण पुण्याची नोकरी माणसाला सहजासहजी विश्वास ठेवू देत नाही. “तरी पण अण्णा, आज नाही तर उद्या दुसरं काही बिघडेल. हे पाहुणे आलेच आहेत, तर... आई, तू तर एकदाही काही बोलली नाहीस. तू सांग. विकायची ना?”

अण्णांनी श्वास धरला. वाजिद जाळीचा शेवटचा नट आवळायला म्हणून मुद्दाम थांबला होता, त्याचाही हात थांबला.

विजयमालाबाई आतून चहाचे कप घेऊन आल्या. पहिला कप त्यांनी इस्लामपूरच्या पाहुण्यांच्या हातात दिला.

“पाव्हणं, चहा घ्या आनी सावकाश जावा. गाडी इकायची न्हाई. मळाबी वाट्यानं द्यायचा न्हाई.” मग त्या अण्णांकडं वळल्या. “आनी उद्यापासनं मीबी येनार हाय मळ्यात. मागं दुसऱ्या माणसाला ऐसपैस जागा हाय.”

“तुला काय ठावं?” अण्णा म्हणाले. “तू कवा बसलीस?”

“रोज,” विजयमालाबाई म्हणाल्या. “तुमी बस्तीत गेल्यावर.”